आधी समोरच्याची बाजू

नाना, तुमचा मुलगा रिपब्लिकन झाला आहे. तुम्ही गेलात तेव्हा तो नागपूरच्या मेडिकल कॉलेजात मेसच्या भिंतीवर साम्राज्यवादाविरुद्ध घोषणा रंगवत होता. आता न्यू जर्सीत त्याच्या घरापुढे हिरवळ आहे, त्या हिरवळीवर निवडणुकीत पाटी लागते आणि इस्रायलबद्दल कुणी वाकडा शब्द काढला की त्याचे कान लाल होतात. त्याची मुलगी, तुम्ही न पाहिलेली तुमची नात, थेट दुसऱ्या टोकाला. लीड्सला एम.ए. करायला आली आहे, माझ्या घरातल्या एवढ्याशा बॉक्सरूममध्ये राहते आणि गळ्यात काळा-पांढरा चौकड्यांचा रुमाल बांधून पॅलेस्टाइनच्या मोर्चांना जाते. जानेवारीत गाझावर बॉम्ब पडत होते तेव्हा मोर्चातला तिचा फोटो फिरत फिरत न्यू जर्सीला पोचला. बापाने फोनवर सांगितलं, "हेच करायचं असेल तर मला बाबा म्हणू नकोस." ती म्हणाली, "ओके." त्यानंतर दोघंही बोलत होते ते माझ्याशी, आणि फक्त एकमेकांबद्दल.

मला चीड आली ती मतांची नव्हे. मतं असावीत, माझीही आहेत. चीड आली ती या अमेरिकन तऱ्हेची. तिथे माणसाने पक्ष घेतला की टॅक्सपासून जेरुसलेमपर्यंतची सगळी मतं एकाच पिशवीत भरून मिळतात, उघडून बघायची गरज नाही. माझ्या भावाच्या शेजारी एक दातांचा डॉक्टर राहतो, दर रविवारी चर्चला जाणारा. इस्रायल टिकलंच पाहिजे, कारण प्रभूचं पुनरागमन तिथेच व्हायचं आहे, असं तो म्हणतो आणि तुमचा मुलगा मान डोलावतो. मी विचारलं, "अरे, त्या पुनरागमनात तुझी काय सोय लावली आहे, ते विचारलंस का? मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले आहे. बायबलच्या शेवटी तुझ्या-माझ्यासारख्या ख्रिस्ती नसलेल्यांचं आगीत काय होतं ते मला पाठ आहे. आणि ज्यूंचंही." तो म्हणाला, "ताई, तुला पॉलिटिक्स कळत नाही." लीड्सच्या हॉस्पिटलात आयुष्यभर फार्मसी चालवली मी, कन्सल्टंट डॉक्टरांची अक्षरं वाचली, आणि मला पॉलिटिक्स कळत नाही!

मग माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी त्याचा उपयोग करून घेतला. भावाला फोन केला, "ये, मला चालता येत नाही." येत होतं. तो आला. पोरगी विद्यापीठात जास्तच वेळ काढू लागली, हा टीव्हीसमोर. परतायच्या दिवशी, रविवारी, मी दोघांना जेवायला एकत्र बसवलं.

"ताई, तिला म्हणावं, मीठ इकडे दे."

"आत्या, त्याला सांग, ही कॅन रीच इट."

मी मीठ उचलून माझ्या मांडीवर ठेवलं आणि तुमचा नियम काढला.

मला तो दिवस अजून स्वच्छ दिसतो. मी चौदा-पंधरा वर्षांची, शाळेच्या व्हरांड्यात मराठी बोलले म्हणून सिस्टरने माझ्या गळ्यात 'आय ॲम अ डाँकी' अशी पाटी अडकवली आहे आणि मी घरी येऊन थयथयाट करते आहे. तुम्ही कोर्टातून आलेले, काळा कोट अजून अंगात. तुम्ही म्हणता, "पूर्वपक्ष आधी. तिची बाजू सांग. अशी सांग की ती इथे असती तर म्हणाली असती, हो, मला हेच म्हणायचं आहे." मी म्हणते, ती दुष्ट आहे. तुम्ही म्हणता, ही बाजू नाही, ही शिवी आहे. मी रडले, पाय आपटले, आणि शेवटी म्हणाले की तिच्या मते तुम्ही फी इंग्रजीसाठी भरता आणि मी ती व्हरांड्यात उधळते. "आता बरोबर," तुम्ही म्हणालात. दुसऱ्या दिवशी अशील खोळंबले तरी आधी शाळेत गेलात आणि ती पाटी कायमची बंद करून आलात. पूर्वपक्ष म्हणजे माघार नव्हे, हे मी त्या दिवशी शिकले.

तेच मी इथे सांगितलं. दोघांनीही तोंड वाकडं केलं, पण गुडघ्यावर हात ठेवून मी जरा कण्हले. भावाने सुरुवात केली. "तिचं म्हणणं, सगळे ज्यू..."

"नो! बाद. आत्या, हा बाद आहे ना? बॉस्टनमधली माझी रूममेट ज्यूइश आहे. ती माझ्यासोबत मार्चमध्ये होती. तिच्या डॅडने तिला सणाला घरी येऊ नको म्हटलं."

भावाने घास खाली ठेवला. "तिच्या घरी पण?"

"तिच्या घरी पण."

थोडा वेळ तो वरणातली चिंच बाजूला काढत बसला. मग सावकाश म्हणाला, "तिला वाटतं, ती विमानं आमच्या टॅक्सवर उडतात. खाली मुलं मरतात. मग गप्प बसणं म्हणजे सही करण्यासारखं आहे."

"येस," पोरगी म्हणाली. "दॅट."

तिची पाळी आली. तिने पटापट सांगितलं: युरोपात संपवत आणलेली माणसं, एवढासा देश, बसमध्ये फुटणारे बॉम्ब, रॉकेटं, शाळेत जातानाही भीती. बाप म्हणाला, "हे पुस्तकातलं झालं." ती ताटाकडे बघत म्हणाली, "दुसरं पण आहे. ते टॉवर पडले तेव्हा पेट्रोल स्टेशनवर एक माणूस बाबावर ओरडला. टेररिस्ट, गो होम. मी मागच्या सीटवर होती. बाबा काही बोलला नाही, खाली बघून पैसे दिले. मग आपण कारवर फ्लॅग लावला. मला वाटतं, तेव्हापासून बाबाला अशा साइडला उभं राहायचंय की कोणी चुकून पण त्याला दुसऱ्या साइडचा समजणार नाही."

माझ्या भावाला साठी जवळ आली आहे, नाना. त्याने चष्मा काढला आणि सदऱ्याने पुसला. मी पंच म्हणून विचारलं, "हेच का?"

"हे पण," तो म्हणाला.

मत कुणाचंच बदललं नाही. टॅक्सी आली तेव्हा ती त्याला मँचेस्टरच्या विमानतळावर सोडायला निघाली आणि दारातच वेस्ट बँकमधल्या वसाहतींवरून जुंपली. "बाबा, यू आर सो राँग!" "अगं, आधी पूर्वपक्ष सांग, पूर्वपक्ष!" मिरपूरचा पाकिस्तानी ड्रायव्हर बॅग उचलता उचलता माझ्याकडे असा बघत होता, की आंटी, हे रस्ताभर असंच का? मी म्हटलं, हो, रस्ताभर. टॅक्सी कोपऱ्यावर वळेपर्यंत दोघांचे हात काचेमागे हलताना दिसत होते.

भांडी घासली आणि हे लिहायला बसले. माझं मत पोरीकडे झुकतं, पहिल्यापासून. टेबलावर ते मी बोलले नाही, पंचाने बोलू नये. घर रिकामं आहे, तर आता आपणही भावाची बाजू एकदा मोठ्याने मांडावी, असं ठरवलं. लिहिता लिहिता उठले, ओट्याला टेकून उभी राहिले आणि सुरुवात केली. दुसऱ्याच वाक्यात मी त्याला मूर्ख म्हटलं.