पुढच्या डाव्या चाकाचं कारण

बाबा, तुमच्या त्या चाकाबद्दल लिहिते आहे. तुम्ही सांगायचात तसं नाही, आणि कंपनी सांगते तसंही नाही. मला जेवढं तपासता आलं तेवढंच.

भंडाऱ्याजवळ शहापूरला हायवेलगत आपलं गॅरेज होतं आणि मागच्या दोन खोल्यांत आपण राहायचो. गोंदिया वेगळा जिल्हा झाल्यावर तिकडच्या गाड्या नव्या नंबरपाट्या लावून यायला लागल्या, त्या वेळचं मला स्पष्ट आठवतं. तुम्ही कोणत्याही गाडीचं चाक बसवलं की नट आवळायचात, उभं राहायचात आणि पाना दुसऱ्याच्या हातात द्यायचात. त्यानं प्रत्येक नट पुन्हा दाबून बघायचा आणि मोठ्यानं सांगायचं, 'पाह्यलं.' तोपर्यंत जॅक उतरायचा नाही. गॅरेजात दुसरं कोणी नसलं की तुम्ही आईला हाक मारायचात. ती स्वयंपाकघरातून तशीच येते, कोपरापर्यंत कणीक लागलेली.

'आता कणकेच्या हातानं पाना धरू का?'

'धर ना वं. नट काय पोळी मागून राहिला का तुले?'

गाडीवाला हसतो. 'काय उस्ताद, स्वतःच्या हातावर भरोसा नाही का?' तुम्ही मात्र हसत नाही. आई नट दाबते, 'पाह्यलं' म्हणते आणि पान्यावर पीठ ठेवून आत जाते. घरी सिलिंडर बदलतानाही तेच. रेग्युलेटर तुम्ही लावायचा आणि तपासायचा मी.

गिऱ्हाइकांना तुम्ही सांगायचात की एका मोटार कंपनीच्या रॅली शर्यतींच्या ताफ्यात तुम्ही मेकॅनिक होतात. कंपनीच्या शेवटच्या रॅलीत गाडीचं पुढचं डावं चाक निखळलं, गाडी दरीच्या कठड्यावर आदळली आणि चालकाशेजारी बसून वाट सांगणाऱ्या माणसाचा हात मोडला. ते चाक तुम्ही बसवलं होतं. तुम्हाला तिथूनच घरी पाठवलं. 'आवळले मी, तपासले दुसऱ्यानं. तरी चाक गेलं तं माह्या काय गुन्हा?' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की त्यातला 'दुसरा' मला खटकायला लागला. कधी तो पंजाबी फिटर असायचा, तर कधी मद्रासकडचा पोरगा. मी दहावीत असताना सरळ विचारलं, नक्की कोण? तुम्ही पान्याची पेटी बंद केलीत. 'काहून वं, मले चोर समजून राहिली का?' तुम्ही उत्तर दिलं नाही, हे मी तेव्हाच लक्षात ठेवलं. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात.

आता मी त्याच कंपनीत आहे, गाड्यांच्या चाचणी विभागात. कंपनी इतक्या वर्षांनी पुन्हा रॅलीत उतरते आहे, म्हणून जुन्या गाड्यांचं दालन उभं राहतं आहे आणि त्यातला तांत्रिक मजकूर तपासायचं काम माझ्याकडे आलं. इतिहास असा: सुरुवातीला शोरूममधलीच गाडी, फक्त खालून पत्रा ठोकलेली, आणि चालवायला विक्रेत्यांची हौशी मुलं. मग स्वतंत्र वर्कशॉप, हलकी दारं, बदललेला गिअरबॉक्स, काही वर्षं ओळीनं जिंकणं. शेवटी ते चाक. मजकुरात लिहिलं होतं, 'मेकॅनिकच्या निष्काळजीपणामुळे चाक निखळले आणि कंपनीने रॅली विभाग बंद केला.' मला हे पटलं नाही. एवढा विभाग एका माणसाच्या चुकीनं बंद होत नाही. पण तुमचं म्हणणंही मला कधी पटलं नव्हतं. दोन्ही गोष्टी सांगणाऱ्याच्या सोयीच्या होत्या.

त्या वेळचे वर्कशॉपप्रमुख पुण्यात राहतात. त्यांना भेटले. चाक दुसऱ्या हातानं तपासायची पद्धत होती का, असं विचारल्यावर ते हसले.

'छे हो! गाडी यायची तीच निघायच्या घाईत. दुसरा माणूस आणणार कुठून? ती पद्धत कंपनीत त्या चाकानंतर आली, तीही साध्या गाड्यांच्या वर्कशॉपात.'

'आणि ते चाक आवळलं कोणी?'

'भंडाऱ्याकडचा एक जण होता. हात चांगला होता त्याचा. बोलायचा मात्र फार. तुम्ही तिकडच्या का?'

'नागपूर बाजूची,' मी म्हणाले.

म्हणजे 'दुसरा' कोणी नव्हताच. परतताना मला तुमचा राग आला नाही. माझा संशय खरा निघाल्याचं थंड समाधान वाटलं, आणि ते मला आवडलं नाही. ती पद्धत तुम्ही घरी येऊन स्वतःच काढलीत आणि मग उचलून त्या दिवसात नेऊन ठेवलीत, कारण त्या दिवशी ती हवी होती.

ती गाडी दालनात उभी आहे. मी चाकं उतरवून घेतली. कंपनीनं त्या रॅलीआधी फोटोंसाठी चाकांना आपला रंग दिला होता, आणि तो नट जिथे टेकतो त्या जागेवरही दिला होता. तीन चाकांवर तो रंग नटांखाली चिरडून कडेला आलेला आहे. डिकीतल्या न वापरलेल्या चाकावर तो अजून जाड आणि अखंड आहे. पुढचं डावं चाक मागाहून बसवलेलं. त्याच्यावर नट टेकायच्या जागा बिनरंगाच्या आहेत. रंगावर नट कितीही आवळा, चाक तापलं की रंग दबतो आणि नट सैल होतो. हे शिकाऊ इंजिनिअरलाही शिकवतात. तुम्हाला ते कोणी सांगितलं नसणार.

मला हवं तेच सापडलं, म्हणून मी त्यावरही विश्वास ठेवला नाही. एका सहकाऱ्याला काहीही न सांगता तसंच रंगवलेलं चाक खडबडीत रस्त्यावर चालवून बघायला दिलं. नट त्यानं स्वतः नीट आवळले होते. ते सैल झाले. 'कोणीही आवळले असते तरी सुटले असते,' तो म्हणाला. पण रंग आजचा होता, तेव्हाचा नव्हे. तुम्ही नट पुरते आवळले होते की नाही, हे आता कुठल्याही चाचणीत कळणार नाही. शक्यता मोठी आहे, एवढंच म्हणता येतं.

मी तेवढंच लिहून दिलं. प्रसिद्धी विभागातला माणूस म्हणाला, 'मॅडम, इतिहासात शक्यता कशाला? निष्काळजीपणा लिहिलं की विषय संपतो.' मी म्हणाले, सिद्ध करा आणि लिहा. त्यांना ते जमलं नाही आणि रंगाबद्दल लिहायचं नव्हतं. आता पाटीवर एवढंच आहे: 'पुढचे डावे चाक निखळल्याने गाडी बाद झाली.' मेकॅनिकचा उल्लेख नाही. हे आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, 'मंग त्यायचं नावच नाही का कुठी?' मी नाही म्हणाले.

हे पत्र तुमच्यापर्यंत जाणार नाही आणि इथल्या कोणाच्या हाती मी ते पडू देणार नाही. आमच्या विभागात नियम आहे: तपासणीत आपलं माणूस गुंतलेलं असेल तर आधी सांगायचं आणि बाजूला व्हायचं. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर निष्काळजीपणाचं ते वाक्य दुसऱ्या कोणाच्या टेबलावर गेलं असतं, आणि तो माणूस कितीही चांगला असता तरी मी त्याच्यावर भरवसा ठेवला नसता.