पुलापाशी सोडलेला हात

बॅलसाला, बुधवार सकाळ

ती. वोरीताईस, तुझ्या धाकट्या (वय वर्षं चौसष्ट) भावाचा, फिनलोचा, वाकून नमस्कार. फार वाकवत नाही, त्याचं कारण पुढे येईलच. तुझे गुडघे कसे आहेत? लिव्हरपूलची हवा त्यांना मानवते का? भाऊजींचा खोकला गेला असेल, आणि नसला तर त्यांना म्हणावं, आता तरी तो पाइप सोडा. आमच्याकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं असतं, पण तुझ्याशी कशाला खोटं बोलू? पुढच्या शनिवारी ब्रीशाचं लग्न आहे आणि माझी मोटारसायकल पिसाळली आहे.

पत्रिका तुला मिळालीच असेल. पत्रिकेत न छापलेली गोष्ट अशी की पोरगी डग्लसच्या चर्चला माझ्या मागे बसून जाणार आहे. तिची आई, ईलिश, तशीच गेली होती (बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते, आठवतं?), म्हणून हिलाही तसंच जायचंय. ईलिश गेल्यापासून तीन वर्षं गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. मार्चमध्ये मी ती बाहेर काढली, पुसली, पेट्रोल बदललं, आणि दुसऱ्या किकला चालू झाली. मला वाटलं, झालं, जिंकलं. कसलं काय!

आता नीट वाच, कारण यातलं ब्रीशाला काही ठाऊक नव्हतं. घरातून निघालो, गाडी लोण्यासारखी. वळणं घेतली, चढ घेतला, हूं की चूं नाही. पूल जवळ आला. आपल्या रीतीप्रमाणे मी वेग कमी केला, डावा हात वर केला आणि म्हटलं, काय मंडळी, बरंय ना? (पुलाखालच्या त्या न दिसणाऱ्या छोट्या मंडळींचं खरं नाव मी पत्रातही लिहीत नाही. पोस्टात कोण कोण पत्र हाताळतं काय माहीत.) तेवढ्यात हँडलच्या अंगात आलं. डावी-उजवी, डावी-उजवी, इतक्या जोरात की आरसे दिसेनासे झाले. हात झटकन परत ठेवला आणि सगळं शांत. डग्लसपर्यंत पुन्हा एकदाही नाही. परत येताना, पुन्हा पूल, पुन्हा नमस्कार, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. फक्त पुलावर, ताई! बाकी सगळ्या बेटावर गाडी गाईसारखी गरीब.

तू माझ्या जागी असतीस तर काय समजली असतीस? मीही तेच समजलो. शेजारच्या ॲलिश किनव्हिगबाईंना विचारलं, तर त्यांनी हातातली किटलीच खाली ठेवली. म्हणाल्या, लेक समुद्रापलीकडच्या माणसाला देतोयस, मंडळींना विचारलंस का? आता होणारा जावई, टोबी, पलीकडचा आहे हे खरं. माणूस चांगला आहे, गुरांचा डॉक्टर आहे, पण दोन वर्षं तो पूल रोज ओलांडतो आणि एकदाही नमस्कार करत नाही. मी स्वतः त्याच्या गाडीत बसून पाहिलंय. मी नमस्कार केला, हा रेडिओ लावत होता. तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. बाईंनी उपाय सांगितला, कोट उलटा घालून जा. मी कातडी जाकीट उलटं घालून गेलो. अस्तर फडफडलं, वारा आत शिरला, कंबर धरली (कमी वाकण्याचं कारण हे), आणि हँडल आणखीच पिसाळलं.

मग कॅसलटाउनला केरन मिल्क्रीस्टकडे गेलो. बापाच्या वेळेपासून तेच गॅरेज. त्यानं पुढचं चाक उचललं, हँडल इकडून तिकडे फिरवलं, चाक धरून गदागदा हलवलं, चाकाचे आरे टिचकी मारून ऐकले. हँडलच्या मुळाशी बेअरिंग असतं, ते अर्धा वेढा सैल निघालं, ते आवळलं. मग स्वतः गाडी घेऊन पोर्ट एरिनला जाऊन आला आणि म्हणाला, गाडीला काही धाड भरलेली नाही. मी म्हटलं, पुलावरून नेलीस का? तो म्हणाला, इथून पोर्ट एरिनच्या वाटेवर तो पूल कुठे आलाय? मी म्हटलं, तेच तर!

गेल्या आठवड्यातल्या सोमवारी मी ठरवलं, आता शेवटची परीक्षा. एका पोत्यात ब्रीशाच्या वजनाइतके बटाटे भरले (सात किलो जास्तच धरले, तिला सांगू नकोस), पोतं मागच्या सीटवर दोरीनं बांधलं आणि निघालो. पुलाआधीच्या उतारावर वेग कमी करायला लागलो. समोरून डग्लसहून पोर्ट एरिनला जाणारी बस येत होती. हात वर करू की नको? नाही केला तर मंडळी रागावणार, केला तर गाडी. केला. ताई, या वेळी नुसतं थरथरलं नाही. हँडल उजव्या हातातून निसटायला लागलं, मागचं पोतं डोलायला लागलं, गाडी रस्त्याच्या मधोमध जायला लागली आणि बस समोर. बसमधले सगळे हसत हसत हात हलवत होते. मला नव्हे, मंडळींना! डावा हात परत हँडलवर कसा आणला ते मला आठवत नाही. दोरी तुटली, पोतं काटेरी झुडपात गेलं, बस माझ्या कोपराला वारा घालून गेली. मी कडेला थांबलो. बटाटे उतारावरून घरंगळत होते. त्या पोत्याच्या जागी माझी पोरगी आली, पांढऱ्या झग्यात, डोळ्यांसमोर. मी रडलो. सांगायला लाज कसली?

त्याच वेळी टोबी एका अडलेल्या गाईची सुटका करून परत येत होता. मी तिथेच त्याला सगळं सांगून टाकलं. एरवी सांगितलं नसतं. त्यानं बटाटे गोळा करता करता ऐकून घेतलं आणि विचारलं,

“काका, पुलावर तुम्ही असं काय करता, जे बाकी कुठे करत नाही?”

“नमस्कार करतो! तू करत नाहीस म्हणून तर हे सगळं चाललंय!”

“कशानं करता?”

“हातानं! पायानं करतात का?”

तो माझ्या डाव्या हाताकडे बघत राहिला. मग पोतं त्याच्या गाडीत टाकून आम्ही विमानतळामागच्या सरळ, रिकाम्या रस्त्यावर गेलो. तो म्हणाला, तेवढ्याच वेगानं या, तसाच वेग कमी करा आणि तसाच हात सोडा. मागे पोतं नव्हतं, पूल नव्हता, मंडळीही नव्हती (विमानांचा आवाज त्यांना सोसत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे). हात सोडला. हँडल थरथरलं! पुन्हा सोडला. पुन्हा थरथरलं!

तिथून आम्ही केरनकडे गेलो. या खेपेला केरननं पुढच्या टायरवर डोळे मिटून तळवा फिरवला आणि मान हलवली. वरून बघायला रबर भरपूर, पण हाताला उंचवटे-खळगे, उंचवटे-खळगे. झीज वाकडी, त्यात गाडी तीन वर्षं एकाच जागी उभी. दोन्ही हातांनी धरलं की माणूस नकळत ते दाबून ठेवतो, हात सोडला की ते उसळतं, आणि मागे वजन असलं तर विचारूच नकोस. मी म्हटलं, अरे पण तीस वर्षं त्या पुलावरून गेलो, तेव्हा कधीच कसं नाही झालं? केरन म्हणाला, झालंही असतं. तेव्हा तू हात सोडत होतास का?

ताई, मी त्याच्या उलट्या खोक्यावर बसलो. मी कधीच हात सोडला नव्हता. हात ईलिश वर करायची. मागून, माझ्या खांद्यावरून, दोघांच्या वतीनं. तीस वर्षं मी नुसतं तोंडानं ‘बरंय ना मंडळी’ म्हणत होतो आणि मला वाटत होतं नमस्कार मीच करतोय.

संध्याकाळी ब्रीशाला सगळं सांगितलं. आधी ती बटाट्यांवरून ओरडली, मग म्हणाली, बाबा, तुम्ही दोन्ही हात हँडलवर ठेवा, हात मी वर करते. अगदी आईवर गेली आहे. तर असं आहे. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि तुम्ही सगळे शुक्रवारी पोचाल त्याची वाट पाहतो.

तुझा,
फिनलो

ता. क. – नवा टायर बसवल्याशिवाय केरन गाडी गॅरेजबाहेर काढू देत नाही. त्यानं किल्लीच खिशात घातली आहे. टायर लिव्हरपूलच्या गोदीत पडून आहे आणि वाऱ्यामुळे मालाची बोट तीनदा रद्द झाली. पत्र विमानानं येतं, टायर येत नाही. तर येताना तो घेऊन ये. पावती सोबत जोडली आहे. बोटीवर कुणी विचारलं तर सांग, लग्नाचा आहेर आहे. टोपीच्या खोक्यात मावणार नाही, मी जुना टायर घालून पाहिलं.

ता. क. दुसरं – खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं. जाताना ब्रीशा मागे असेल. येताना ती टोबीच्या गाडीतून जाईल, तसंच जायला हवं. मला एकट्याला त्या पुलावरून घरी यायचंय. नव्या टायरनं हँडल हलणार नाही असं केरन छातीठोकपणे सांगतो. पण ताई, त्या दिवशी मला तिथे रिकाम्या सीटचा गाडा हाकायचा नाही. जन्मात मोटारसायकलवर बसणार नाही अशी तू आईच्या समोर शपथ घेतली होतीस, मला माहीत आहे. मी हळू चालवीन. गुडघ्यांसाठी पायरी आणि उशी दोन्ही करून ठेवतो. तू फक्त हात वर कर. बसशील ना? बसणार असशील तर तुझं वजन कळव. मी विचारत नाही, केरन विचारतोय, त्याला मागची स्प्रिंग लावायची आहे. खरं लिही. वाचून झालं की फाडून टाकीन.