ओल्या कुत्र्याच्या शेवटची खंजिरी

पुणेनिवासी, रॉकपारंगत मित्रवर्य अभिराम यांस वर्ध्याहून हेमराजचा कोपरापासून नमस्कार.

तुझा गुडघा आता बरा असेल. (गुडघ्याची बातमीही मला ग्रुपवरच कळली.) वहिनींना नमस्कार, वेदश्रीला आशीर्वाद. इकडे सपनाची पाठ, माझं पित्त आणि वर्ध्याचं ऊन ही तिन्ही आपापल्या जागी ठीक आहेत. एवढं लांबलचक पत्र लिहायला काही कारण घडलंय असं समजू नकोस. मी जळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण सपनाच्या मते गेल्या आठवड्यापासून मी दुसरं काहीच करत नाही.

शाळेच्या ग्रुपवर तू 'नव्वदीतले माझे लाडके अल्बम' हा लेख टाकलास, तो मी वाचला. मग चहा घेऊन पुन्हा वाचला. चांगला आहे. भाषा जरा पुण्याची झाली आहे, पण इतकी वर्षं तिकडचं पाणी प्यायल्यावर ते व्हायचंच. पवनारहून एसटीने शाळेत येणाऱ्या पोराने गिटारवर इतकं लिहावं याचा अभिमानही वाटला. पण दुसऱ्याच परिच्छेदात तू लिहितोस की या संगीताची दीक्षा तुला आपल्या वर्गातल्या देवेंद्रने दिली. तिथे माझा चहा निवला. अरे, देवेंद्रला त्या काळी ड्रम म्हणजे पाणी साठवायची वस्तू एवढंच ठाऊक होतं. आज तो आर्वी नाक्याजवळच्या आपल्या कृषी केंद्रात बसून लोकांचे अभिनंदनाचे अंगठे गोळा करतोय, आणि वर नम्रपणे लिहितोय, 'मी निमित्तमात्र.' हा नम्रपणा मला जास्त झोंबला.

आता खरं काय ते ऐक. त्या कॅसेटी माझ्या होत्या. माझे मधुकरमामा रेल्वेत गार्ड. मुंबईला गेले की फुटपाथवरून ते माझ्यासाठी इंग्रजी कॅसेटी आणत. (मामांना त्यातलं काही कळत नसे. ज्या कॅसेटीवरची माणसं सर्वांत आजारी दिसत, ती ते उचलत. निवड मात्र कधी चुकली नाही.) बॅण्डची नावं आपल्याला उच्चारता येत नसत, म्हणून कव्हरवरच्या चित्रावरून बारसं मी करत असे. पिवळी खुर्ची, जळकी छत्री, ओला कुत्रा, ही सगळी नावं माझी. आज तू त्यांची खरी नावं लिहितोस, गिटारवाल्याच्या बायकोशी झालेलं भांडणही लिहितोस, पण बारसं करणाऱ्याचं नाव तेवढं विसरतोस. देवेंद्रकडे काय होतं, तर त्याच्या बाबांचा दोन कॅसेटींचा टेपरेकॉर्डर. माझ्याकडची कॅसेट एका बाजूला, कोरी दुसऱ्या बाजूला, असं करून त्याने तुला नकला काढून दिल्या. त्या तुझ्या हातात ठेवल्या त्याने, म्हणून गुरू तो. कुकर लावणारी एक आणि वाढणारीचं कौतुक, त्यातला हा प्रकार.

हे मी गिळलंही असतं. पण यादीत तू पहिला नंबर ओल्या कुत्र्याला दिलास आणि त्याच्या शेवटाबद्दल जे लिहिलंस, तिथे मी थबकलो. तू लिहितोस, 'अल्बम संपला असं वाटत असतानाच एक आदिम तालवाद्य सुरू होतं. वादक जाणूनबुजून तालाच्या किंचित मागे राहतो. हे मागे राहणं म्हणजे त्या अख्ख्या दशकाचा थकवा आहे.' आणि खाली तळटीप, की हा तुकडा आज इंटरनेटवर कुठेही मिळत नाही, कंपनीने तो दडपला असावा. अभिराम, मूळ कॅसेट माझ्याकडे आहे. ती मी इतकी वाजवली आहे की आईला ती पाठ झाली होती. तिच्या शेवटी गिटार थांबते आणि खरखर होते. आदिम वगैरे काही नाही.

म्हणून रविवारी मी मूळ कॅसेट आणि घरचा जुना टेपरेकॉर्डर पिशवीत घालून देवेंद्रच्या दुकानात गेलो. (सपनाला सांगितलं, कुंड्यांसाठी खत आणायला जातो. आमच्याकडे कुंड्या नाहीत.) देवेंद्रने तेव्हा तुझ्याबरोबर स्वतःसाठीही एक नक्कल काढली होती, ती त्याने बियाण्याच्या पाकिटांमागून काढली. आधी माझी लावली. शेवटी खरखर. मग त्याची लावली. शेवटी गिटार थांबली आणि खणखणीत खंजिरी सुरू झाली. काउंटरला टेकून रोहणा गावचे भैयाजी उभे होते, कपाशीवर फवारायचं औषध न्यायला आलेले. ते इतका वेळ आमच्याकडे दयेने बघत होते, ते एकदम सरसावले.

"हे तं रोहण्याचं भजन मंडळ होय," ते म्हणाले. "पण खंजिरीवालं पोट्टं कोन हाय बा? मांगं पडून राह्यलं ना ते."

देवेंद्र माझ्याकडे बघत राहिला. "अबे हेमराज, हा तं तू होय."

मीच होतो. मामांच्या गावी, रोहण्याला, सप्ताहात खंजिरीवाल्या तानबाला ताप आला, म्हणून मला बसवलं होतं, आणि बाबांनी कौतुकाने ते दोन-तीन कॅसेटी भरून टेप केलं होतं. त्या काळी कोरी कॅसेट मिळणं कठीण, म्हणून देवेंद्रने आमच्या घरातून भजनाच्या कॅसेटी उचलल्या आणि त्यांच्यावरच तुझा रॉक उतरवला. इंग्रजी गाणी संपली की खालचं भजन उरलेलं. मी मागे पडत होतो कारण माझी बोटं सुजली होती. दशकाचा थकवा कसला, भाऊ, सलग तिसरं भजन होतं ते.

आम्ही दोघं खूप हसलो. भैयाजी औषध न घेताच निघून गेले. आणि तेवढ्यात देवेंद्रचा फोन वाजला. तुझा होता. फोन बघायच्या आधीच तो म्हणाला, "अभ्या असन. रविवार हाय ना." मग तुम्ही बोललात. तुझ्या गुडघ्याबद्दल, त्याच्या मुलीच्या परीक्षेबद्दल, कुठल्याशा लोणच्याबद्दल. मी त्याला हाताने खुणावलं, खंजिरीचं सांगू नको, आणि त्याने ते सांगितलं नाही. तो एवढंच म्हणाला, "हेमराज आलाय, देऊ काय त्याले?" तू घाईत होतास. त्याला म्हणालास, माझा नमस्कार सांग. बाकावर शेजारी बसून ज्याच्या डब्यातली सांबारवडी (तुमच्या पुण्याच्या भाषेत कोथिंबीरवडी) खाल्लीस, त्याला नमस्कार. घरी परत येताना पिशवी मला फार जड वाटली.

तेव्हा, मला राग नाही. देवेंद्र चांगला माणूस आहे, निघताना त्याने कुंड्यांसाठी एक खताची पिशवीही दिली. (आता कुंड्या घ्याव्या लागतील.) लेख उत्तम आहे. तब्येतीला जप.

तुझा,
हेमराज

ता. क. लेखातलं देवेंद्रचं नाव काढू नकोस. फक्त आदिम तालवाद्याजवळ वादकाचं नाव हवं असेल तर ते तुला आता माहीत आहे. 'किंचित मागे' हे शब्द तसेच ठेव.

ता. क. दुसरा. पुन्हा विचार केला. लेखाला हातही लावू नकोस. ग्रुपवर खंजिरीचं कळलं तर लोक तुला जन्मभर हसतील, आणि तुला हसायचा हक्क इतरांना द्यायची माझी तयारी नाही.

ता. क. तिसरा. सपना पत्र वाचून म्हणाली, "हे एवढं लिवत बसल्यापेक्षा त्यालेच सरळ फोन काऊन नाई करत?" मी तिला म्हटलं, फोन त्याने करायचा आहे. रविवारी मी घरीच असतो. देवेंद्र दुकान नऊला उघडतो, तू मला साडेआठला कर.