व्हिटॅमिन एची बाटली

१८ सप्टेंबर १९७८
आजपासून रोजनिशी. आरोग्यसेवक होऊन दीड वर्ष झालं, पण गाव काही सुधारत नाही. लेकरांना रातांधळेपणा येऊ नये म्हणून सहा महिन्यांतून एकदा व्हिटॅमिन एचा एक चमचा पाजायचा. यादीत चाळीस लेकरं. आज आली सात, त्यातली तीन माझ्या शर्टावर थुंकली. शेंबूड, लाळ, माश्या. शी.
बाटलीवरचा कागद वाचला. डोळ्यांना आणि कातडीला उत्तम. जादा घेतल्यास अपाय, असंही बारीक अक्षरात आहे; ते लेकरांसाठी. केसांचं लिहिलेलं नाही, पण केस कातडीतूनच उगवतात ना? दिवाळीनंतर नाचणगावला मुलगी पाहायला जायचंय. वय चौतीस, कपाळ मागे सरकतंय. निश्चय: रोज एक चमचा. औषध वाया जाण्यापेक्षा बरं.

२९ सप्टेंबर
तरतरी वाटते. डोकं ठणकतं, ते खोलीमागच्या उकिरड्यानं.
जेवताना भागीरथा आली. निंदणाला जाते ती. तिची सुंदरा चार वर्षांची. म्हणाली, "दिवे लागले का पोरगी भिंतीले आपटते जी. तेवढा चमचा द्या." तिचे पाय चिखलानं भरलेले. मी ताट उचलून बाजूला ठेवलं. सोमवारी ये म्हटलं.

२ ऑक्टोबर, सोमवार
गांधी जयंती, सुट्टी. तरी आली. नियम समजावून परत पाठवली.

१४ ऑक्टोबर
उशीवर केसच केस. ओठ फाटले, तळहाताची सालं निघतात. एक वरणात पडलं. डबा देणाऱ्या आनंदाबाई म्हणाल्या, "सापावानी कात काऊन टाकून राह्यले जी?" अडाणी बाई. जुनं गेल्याशिवाय नवं येणार कसं? केसांचंही तेच. उद्यापासून दोन चमचे.

२६ ऑक्टोबर
उलट्या. विहिरीचं पाणीच घाण. भुवयाही विरळ झाल्यात.
भागीरथा पुन्हा. संध्याकाळी सुंदरा चुलीवर पडली, कोपर भाजलं. बाटली हलवून पाहिली, तळाशी थेंबभर. नवीन स्टॉक आला की पहिला नंबर तुझा, असं सांगितलं. रजिस्टरात चाळीसही नावांपुढे "दिला" लिहून झालंय, रिपोर्ट वेळेवर जायला हवा. तिला हे सांगण्यात अर्थ नव्हता.

५ नोव्हेंबर
नाचणगाव. टोपी घालून गेलो. मुलीचे वडील सदाशिवराव म्हणाले, "टोपी काहाडा न, घरचंच समजा." काढली. होते नव्हते ते केस टोपीतच राहिले. पोहे आले, मुलगी आलीच नाही. "पोरीले बरं नाई," म्हणाले. दाराआड कोणीतरी हसत होतं. हसऱ्या घराण्याशी आपलं जमलं नसतंच.

८ नोव्हेंबर, दिवेलागण
आरशात पाहिलं आणि स्वतःचीच किळस आली. आतबाहेर सगळ्याचीच. बाटलीत पाणी घालून खळखळ हलवलं आणि ते पाणी घेऊन भागीरथाकडे गेलो. लाज वाटत होती, पण गेलो.
अंगणात अंधार. ती चुलीत बकऱ्याची कलेजी भाजत होती. पोरगी भाजली तेव्हापासून तिच्या डोळ्यांसाठी दर आठवडी बाजाराला आंजीहून आणते. म्हणाली, "तुमच्या चमच्याची वाट कितीक पाहू?" मी बाटली मागे लपवली.
सुंदरा दारात उभी होती. अंधारातून माझ्याकडे टक लावून पाहत राहिली. मग आईला म्हणाली, "माय, साहेबाच्या डोक्शावर केसच नाई."
भागीरथानं हातातलं टाकलं आणि ढसाढसा रडायला लागली. मला क्षणभर वाटलं, माझ्या केसांसाठीच.