आकड्याखालच्या दोन रेघा

नांदे, ता. मुळशी
१० ऑक्टोबर २०२५

ती. एकनाथमामांस,
भाची गौतमीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि व्हॉट्सॲप तुम्ही उघडत नाही. एसटी डेपोतल्या इंजिनांनी तुमचे कान नेले आणि मला पत्रं लिहायला लावली. गेणबाकाका सातबाऱ्यासाठी पौडला तहसीलला निघालेत, त्यांच्या हाती हे देते.

बुधवारी गाडी महाळुंग्याच्या शोरूममध्ये सर्व्हिसिंगला दिली. तुमचा ओम तिथे मेकॅनिक म्हणून लागल्यापासून मी दुसरीकडे बघतच नाही. त्या दिवशी मात्र तो बाहेर आलाच नाही. तिथला सल्लागार म्हणाला, चारही चाकांना जोर देणारी गाडी आहे, इंजिनाबरोबर मागच्या डिफरन्शियलचंही, म्हणजे मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीचंही, तेल बदलायला हवं. मी हो म्हटलं. पाऊण तासात गाडी धुऊनपुसून उभी! बिलात सगळं बदलल्याचं छापलंय, पण वळणावर मागून येणारी कुरकुर होती तशीच आहे. विचारलं तर म्हणाले, आवाज नॉर्मल आहे मॅडम.

मी पडले गुरांची डॉक्टर. धरणापलीकडच्या वाडीत गाय अडली की चिखलाचा चढ चढावाच लागतो. तिथे मागची चाकं अडून बसली तर गाय हातची जाते. तेल खरंच बदललं का, हे कसं ओळखायचं?

आई म्हणते, एवढ्या पैशात चार म्हशी आल्या असत्या आन् त्या कुरकुरल्या बी नसत्या.

मामींना नमस्कार. भाचीवरची माया आटू देऊ नका.

आपली,
गौतमी


पौड
१३ ऑक्टोबर २०२५

चि. गौतमीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर डॉक्टरचंच आहे, पण लागलं.

खंडेनवमीला मी तुझ्या गाडीखाली आडवा झालो होतो आणि तू हसत फोटो काढत होतीस, आठवतं का? डेपोत आम्ही नुसता टायरला हार घालून मोकळे होत नसू. जिथे पाना लागतो तिथे हळद, ही आमची रीत. तुझ्या मागच्या डिफरन्शियलला दोन बोल्ट आहेत, वरचा तेल भरायचा, खालचा जुनं तेल काढायचा. दोन्हींवर मी ग्रीसमध्ये कालवलेली हळद लावली आहे. ती धुण्याने जात नाही, पाना लागला तरच जाते. खाली वाकून बघ.

शिवाय त्यांच्या कामाच्या कार्डाची झेरॉक्स पाठव. आमच्याकडे मी एक पद्धत घालून दिली होती. जुनं तेल काढलं की किलोमीटरच्या आकड्याखाली एक रेघ, नवं भरलं की दुसरी. पाळी बदलली तरी पुढच्या माणसाला काम कुठवर आलंय ते कळायचं. एकतीस वर्षांत काम न करता मी रेघ मारली नाही. हल्लीचे लोक बहुधा नुसती सही करतात.

हळद जागेवर असली तर मला त्या माणसाचं नाव हवं. मी स्वतः येऊन साहेबाला सांगणार की याच्या हातात पुन्हा पाना देऊ नका. ओमला यातलं काही बोलू नकोस. पुढच्या महिन्यात त्याला कायम करणार आहेत, उगाच त्याच्यावर बालंट नको.

गोजराअक्काला सांग, म्हशीलाही तेल-पाणी लागतंच. जपून चालव.

तुझा,
एकनाथमामा


नांदे
१५ ऑक्टोबर २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

अंगणात सतरंजी टाकून गाडीखाली शिरले. दोन्ही बोल्टांवर तुमचं बोट उमटलंय, हळद पिवळीधमक आहे. फोटो घेऊन शोरूमला गेले. सल्लागार हळद बघून आधी हसला, मग फोटो मोठा करून बघितला. पुन्हा करून देतो म्हणाला. मी नको म्हटलं.

कार्डाची झेरॉक्स सोबत आहे. खालची सही आणि नाव मी कात्रीने कापलंय. उंदराने खाल्लं असं लिहिणार होते, पण तुमच्याशी खोटं बोलवत नाही. मामा, तो माणूस नवा आहे. वरून एकामागून एक गाड्या ढकलतात, तो तरी काय करणार? त्याची नोकरी घालवून माझी कुरकुर थांबणार नाही. तेल मी पिरंगुटला कुठेतरी बदलून घेईन. तुम्ही इतक्या लांब येऊ नका.

भाऊबीजेला मात्र या. आई आत्तापासून अनारशांचं बोलतेय.

राग धरू नये ही विनंती.

आपली,
गौतमी


पौड
१७ ऑक्टोबर २०२५

चि. गौतमीस,
अनेक आशीर्वाद.

तू नाव कापलंस, आकडा कापायचा राहिला. किलोमीटरखाली दोन रेघा आहेत, पट्टीने ओढल्यासारख्या. अशा रेघा आता कुणी मारत नाही. त्या मी एकाच माणसाला शिकवल्या, तो सातवीत असताना, याच ओट्यावर.

रात्री कागद ओमच्या ताटाशेजारी ठेवला. तो जेवला नाही. म्हणाला, वरचा साहेब डोक्यावर उभा होता, हे तेल कुणी बघत न्हाई, सही कर म्हणाला. गाडी तुझी आहे हे त्याला ठाऊक होतं, म्हणूनच तो तुझ्यासमोर आला नाही. मी विचारलं, सही केलीस ती केलीस, रेघा कशाला मारल्यास? म्हणाला, हात आपोआप गेला.

मला राग यायला हवा होता. लाज वाटली, आणि तीही आधी माझीच. दुसऱ्याचा पोरगा समजून मी केवढं लिहून बसलो होतो! तू झाकलंस ते माझ्यासाठी, हे कळतं. पण पुन्हा असं करू नकोस.

आज सकाळी तो आपणहून मोठ्या साहेबाकडे जाऊन सगळं सांगून आला. दिवाळीपर्यंत घरी बस म्हणाले. कायम करण्याचं काय होणार, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारायलाही जाणार नाही.

रविवारी तो तुझ्याकडे तेल बदलायला येईल. मी येणार नाही. मी उभा राहिलो तर तो माझ्यासाठी काम करील, गाडीसाठी नाही. त्याला चहा दे, सल्ला देऊ नकोस.

अक्काला सांग, भाऊबीजेला येतो.

तुझा,
एकनाथमामा


नांदे
२० ऑक्टोबर २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

ओम काल सकाळी आठलाच आला. स्वतःचे पाने, स्वतःचं तेल. आईने चहा पुढे केला, तो म्हणाला, आधी काम. खालच्या बोल्टाला पाना लावण्यापूर्वी त्याने हळदीला हात लावून नमस्कार केला. जुनं तेल काळंकुट्ट निघालं, काकवीसारखं. ते त्याने मला बोट बुडवून बघायला लावलं.

मग माझ्याकडे कागद मागून त्यावर किलोमीटर लिहिले आणि एक रेघ मारली. नवं तेल भरलं, पण दुसरी रेघ मारेना. मी काही बोलले नाही, तुम्ही बजावलं होतंत. त्याने गाडी चांदे गावापर्यंत नेऊन आणली, खाली शिरून बोल्ट चाचपले, हात पुसले, आणि मग मारली. वळणावर आता कुरकुर नाही. आईला मात्र म्हशीच हव्यात.

जेवताना तो हसलासुद्धा, थोडं. शोरूमचा विषय निघाला नाही. भाऊबीजेला त्याला घेऊनच या, ओवाळायला मलाही भाऊ हवाच. तुमची या घरावरची छाया अशीच राहो.

आपली,
गौतमी

ता. क. कालचा कागद सोबत आहे. या वेळी कात्री लावलेली नाही. शोरूमच्या कार्डावर तो नुसतं 'ओम' लिहितो. इथे त्याने पूर्ण नाव लिहिलंय, मधलं तुमचं.