ट्रेमधले दोन बदाम

प्रिय अक्का,

तू गेल्यापासून तुला कधी लिहिलं नाही. रडायचं ते रडून झालं, आणि तुझी आठवण भाकरी थापताना, दळण टाकताना येतच असते, तिला कागद लागत नाही. आज लिहितेय ते किळस आलीय म्हणून. सोनालीपुढं ती ओकून झाली. आता तुझ्यापुढं.

हो, तुझी सोनाली डॉक्टर होतेय! तू गेलीस तेव्हा नववीत होती. आता तिसऱ्या वर्षाला आहे. तू आणि दाजी टोळीबरोबर ऊस तोडायला जायचात आणि ती इथं चकलांब्याला माझ्याजवळ असायची. आमचे हे गेल्यावर तूच तिला माझ्या मांडीवर टाकून म्हणाली होतीस, "घे, आता रडायला सवड मिळणार न्हाई तुला." खरंच मिळाली नाही. तिच्या पहिलीच्या पुस्तकावर मीही वाचायला शिकले. ती धडा म्हणायची, मी भाजी निवडत अक्षरं बघायचे. पुढं किराणा बांधून आलेले कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकले नाहीत.

दसरा झाल्यावर सोनाली सुट्टीला आली होती. दिवसभर मोबाईलवर प्रश्न सोडवत बसायची, शिक्षण संपल्यावर पुढं कसलीशी मोठी परीक्षा असते तिची तयारी. तिची पहिल्या वर्षाची दोन जाडजूड पुस्तकं तिनं मागच्या खेपेलाच ज्वारीच्या कोठीखाली सारली होती, दाण्याला ओल लागू नये म्हणून. मी म्हटलं, अगं, विद्या आहे ती. तर हसून म्हणाली, "मावशी, फर्स्ट इयरचं कोण लक्षात ठेवतं? पास झालं की संपलं ते." शिकवणारे सरसुद्धा पडद्यावरचं वाचून दाखवतात आणि निघून जातात म्हणे. शरीर कसं चालतं हे ज्यात दिलंय, त्या पुस्तकांवर आमची ज्वारी!

त्याच दिवशी शेजारच्या पारूबाई सुनेला घेऊन आल्या. कविता. दोन लेकरांची आई, पण अजून पोरगीच. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते. दवाखान्यात सोनोग्राफी केली, आणि डॉक्टर म्हणाले, पिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. तोच दवाखाना, अक्का. तोच डॉक्टर. रंग तेवढा नवा दिलाय आणि वर मजला चढवलाय.

पारूबाईंना घाई. टोळी निघायच्या आत उरकायचं होतं. सोनालीनं फाईल चाळली आणि मोबाईलवरची नजर पुरती न काढताच म्हणाली, सरांनी सांगितलंय तर करून घ्या.

मला तो ट्रे आठवला.

तुला तो दिसला नाही, तू आत बेशुद्ध होतीस. कंपाउंडर स्टीलचा ट्रे घेऊन बाहेर आला, नातेवाईक कोण म्हणाला. दाजी आणि मी पुढं झालो. "बघा, केवढी खराब झालती. बरं झालं काढली." मांसाचा गोळा होता आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन पांढरट काहीतरी, सोललेल्या बदामासारखं. दाजींनी ट्रेलाच हात जोडले. बाजारात आपण वांगंसुद्धा उलटून बघतो गं! तिथं कोण काय उलटून बघणार?

तू तरी काय म्हणाली होतीस? मी म्हटलं होतं, बीडला मोठ्या दवाखान्यात एकदा दाखवू. तर म्हणे, "लेकरं झाली, आता पिशवीचं काय लोणचं घालायचं हाय का?" तिशीसुद्धा गाठली नव्हतीस. सोनाली नुकती चालायला लागली होती.

मी सोनालीला विचारलं, "तुझ्या आईची पिशवी काढली तेव्हा बाजूला ते बदामासारखं काय होतं गं?"

तिनं मोबाईल खाली ठेवला. "दोन्ही बाजूला होतं?"

"दोन्ही."

ती उठली, कोठी तिरकी करून पुस्तक ओढलं. खालचं पान ओलीनं फुगलेलं. चित्र काढून माझ्यापुढं धरलं, आणि मी ते लगेच ओळखलं. ती अंडाशयं, म्हणाली. मग इंग्रजी वाचत, मराठीत सांगत गेली. त्यांच्यातून जे पाझरतं त्यावर बाईची हाडं टिकतात. कोवळ्या वयात ती काढली तर अंगातून वाफा निघतात, झोप जाते, हाडं आतून विरत जातात. 

अगं, भर थंडीत तू शाल फेकायचीस! टोळीतली माणसं म्हणायची, "अक्काच्या पाठीवर तवा ठेवा, भाकर भाजंल." तूच घरी येऊन हसत सांगायचीस. आणि मग मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून पाय घसरला, खुबा मोडला. फळी काही फार उंच नव्हती. तू अंथरुणाला खिळलीस, आणि तिथूनच गेलीस. आम्ही नशिबाला बोल लावला. नशीब पहिल्या वर्षाच्या पुस्तकात छापलेलं होतं!

दुसऱ्या दिवशी कविताबरोबर आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. सोनालीनं हळूच विचारलं, सर, अंडाशयं पण काढणार का? काढणार तर का म्हणून? डॉक्टरांना राग आला नाही. राग आला असता तर बरं वाटलं असतं. हसले. कोणत्या वर्षाला आहेस विचारलं, आणि म्हणाले, "फर्स्ट इयरचं अजून लक्षात ठेवतेस? पास झालं की संपलं ते."

तिचेच शब्द गं. शब्दाला शब्द. सोनालीचा चेहरा असा झाला, जणू तिला कुणी आरसा दाखवला. "सर, माझ्या आईची तुम्हीच काढली होती," म्हणाली. त्यांनी नाव विचारलं. आठवेना. इतक्या येतात म्हणाले, आणि पुढच्या बाईला आत बोलावण्यासाठी घंटी दाबली.

तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. तो माणूस विसरला होता, की सगळं माहीत असून हात चालवत होता? कशाची जास्त किळस यावी, तूच सांग. मी पहिलीतली बाराखडी विसरले असते तर आज तुला एक ओळ लिहू शकले नसते. हा पहिलं वर्ष विसरून बायकांची पोटं उघडतो!

कवितानं तिथून फाईल उचलली. बीडच्या मोठ्या दवाखान्यात दाखवायचं ठरलं; पारूबाई वाटभर कुरकुरत होत्या, "उद्या फडात दुखलं तर मुकादमाला काय सांगू? ह्या शिकाऊ डॉक्टरीणबाईनं सांगितलं म्हणू?" पण बीडला आल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. आत जंतू झालेत, गोळ्यांनी जाईल, काढायचं काही कारण नाही म्हणाल्या. कविता गोळ्या घेऊन टोळीबरोबर गेली. परवा फोन आला, कंबर दुखायची थांबलीय. पारूबाई अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. न बोलू देत.

कोठीखाली आता विटा आहेत. सोनाली ती दोन्ही पुस्तकं बरोबर घेऊन गेली. निघताना पाया पडली, डोळ्यांत डोळे घातले नाहीत.  तिला माझ्या बोलण्यापेक्षा त्या डॉक्टरच्या हसण्याचा जास्त उपयोग होईल.

एवढा शब्द देते तुला, अक्का. पुढच्या दसऱ्याला टोळी निघायच्या आधी आपल्या गल्लीतली जी बाई त्या दवाखान्याच्या पायऱ्या चढेल, तिच्यामागं मी असेन. आणि माझ्यापुढं पुन्हा कुणी ट्रे धरलाच, तर दोन्ही अंगांना बोट लावून विचारीन, हे काय आहे, आणि हे कशापायी काढलं? उत्तर मिळाल्याशिवाय हलणार नाही.

तुझी धाकटी,
यमुना