गुरुवारचे बांगडे

गुरुवार, नाताळचा दुसरा दिवस

पोथी वाचली, पण मन लागलं नाही. सारखा तो केळीच्या पानातला पुडा डोळ्यांपुढे येतो.

काल शेजारच्या फिलोमिनाबाईंबरोबर खाडीकडच्या वस्तीत नाताळच्या भेटी वाटायला गेले होते. माझ्या एका साडीचे फ्रॉक शिवून नेले होते. मासळी विकणाऱ्या शेवंताच्या धाकटीने तर तिथल्या तिथे अंगात घातला. केवढं पुण्य केलं, असं वाटलं मला!

आज दुपारी शेवंता दारात, हातात केळीच्या पानाचा पुडा. “काकी, पोरीला फ्राक दिलात, म्हणून ताजे बांगडे घेऊन आलेय.” मार्गशीर्षातला गुरुवार, आत महालक्ष्मीचा घट मांडलेला. मी उंबऱ्यातूनच ओरडले, “अगो, आज नको! लांब ने ते आधी!”

“म्हंजे आमी तुमचं घ्यायचं, तुमी आमचं नाय?” एवढंच बोलून गेली. दिवेलागणीला बघते तर फ्रॉक घडी करून फाटकावर ठेवलेला.

पुडा फिलोमिनाबाईंकडे ठेवता आला असता. निदान नीट बोलता आलं असतं. देवीला मासळी खुपली असती, की माझं ते ओरडणं खुपलं असेल? अंगातला फ्रॉक काढून घेताना पोर रडली असेल.

उद्या शुक्रवार. फ्रॉक घेऊन जायचं, पण पिशवीतून लगेच काढायचा नाही. आधी शेवंताकडे बांगडे मागायचे. नाही म्हणाली तर? तर दारात उभं राहून ऐकून घ्यायचं.